तापमान जुळतं, पाऊस जुळत नाही

'शास्त्रज्ञ आता सूर्य झाकणार' अशी बातमी दर काही महिन्यांनी फिरत येते. ती वाचून काही जण घाबरतात, तर काही म्हणतात, चला, तापमानवाढीचा प्रश्न सुटला. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या मंडळींची.

कल्पना ज्वालामुखीकडून उचललेली आहे. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात फेकला. त्यातून सल्फ्युरिक आम्लाचे बारीक थेंब तयार झाले, त्यांनी थोडं ऊन परतवून लावलं आणि वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. हेच मुद्दाम, दरवर्षी करायचं. (विमानामागे दिसणाऱ्या पांढऱ्या रेघा म्हणजे हेच, असं सांगणारे व्हिडिओ सरळ पुसून टाका. ते इंजिनातून निघालेल्या वाफेचे बर्फकण असतात.) करून बघायला दुसरी पृथ्वी नाही, म्हणून हवामानाची मॉडेलं, म्हणजे संगणकावर गणिताने उभी केलेली पृथ्वी वापरतात.

'जिओमिप' या प्रकल्पात जगभरचे गट एकच प्रयोग आपापल्या मॉडेलवर चालवतात. त्यातला 'जी-1' मुद्दाम ढोबळ ठेवलाय: कार्बन डायऑक्साइड एका फटक्यात चौपट करायचा आणि थेंबांऐवजी सरळ सूर्यच मंद करायचा, सरासरी तापमान जागेवर राहील इतका. त्यासाठी साधारण 4 टक्के ऊन कापावं लागतं. तापमान जागेवर राहतं, पण जगाचा एकूण पाऊस साडेचार टक्क्यांच्या आसपास घटतो.

का? या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं. पाऊस ढगांतून पडतो हे शाळेतलं उत्तर झालं. पण पृथ्वीवर मिळून किती पडायचा, ते हवेचा उष्णतेचा जमाखर्च ठरवतो. हवा अवरक्त किरणांवाटे सतत उष्णता गमावत असते. ही तूट मुख्यतः वाफ भरून काढते. वाफेचे थेंब झाले की तिच्यातली अप्रकट उष्मा (पाण्याची वाफ होताना शोषलेली उष्णता) हवेत मोकळी होते. वर्षाला सरासरी 1 मीटर पाऊस धरला, तर ही जमा दर चौरस मीटरला जवळपास 80 वॅट येते. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पिवळ्या उजेडाचा एक जुना बल्ब रात्रंदिवस चालू!

आता कार्बन डायऑक्साइड वाढला. तो हवेतून बाहेर जाणारी उष्णता अडवतो, म्हणजे मुळात तूटच कमी होते. तूट कमी तर भरपाई कमी, म्हणजेच पाऊस कमी. एरवी हे लक्षात येत नाही, कारण तापलेली हवा जास्त उष्णता बाहेर टाकू लागते आणि तूट वाढून पाऊसही वाढतो. सूर्य मंद करून आपण तापणं तेवढं पुसलं. वायू मात्र हवेत तसाच आहे. जमिनीच्या बाजूने हिशोब केला तरी तेच दिसतं. ऊन बहुतांशी पृष्ठभागावर मुरतं, त्यामुळे ते कापलं की पहिला फटका बाष्पीभवनाला बसतो.

शिवाय ऊन विषुववृत्तावर जास्त पडतं, तर कार्बन डायऑक्साइड ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीतही काम करत राहतो. म्हणून जी-1 मध्ये विषुववृत्ताचा पट्टा किंचित गारठतो आणि ध्रुव थोडे उबदारच राहतात. यावर तोड म्हणून 'ग्लेन्स' या 2018 च्या प्रयोगमालेत दोन्ही गोलार्धांत 15 आणि 30 अंश अशा चार अक्षांशांवर सल्फर डायऑक्साइड सोडला. कुठे किती सोडायचा हे मॉडेलला जोडलेला प्रोग्राम दरवर्षी तापमान बघून ठरवत होता. त्याला सरासरी तापमानाबरोबर दोन गोलार्धांतला फरक आणि विषुववृत्त-ध्रुव यांतला फरकही सांभाळायचा होता. हे तिन्ही आकडे त्याने बऱ्यापैकी सांभाळले. पाऊस त्याच्या यादीत नव्हता.

गोलार्धांचा तोल का महत्त्वाचा? वायू फक्त उत्तरेत सोडला तर विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडतो, असं मॉडेलं दाखवतात. एका देशाने परस्पर हे सुरू केलं तर पाऊस दुसऱ्याचा जाईल.

आणि मध्येच थांबलं तर? 'जी-2' प्रयोगात कार्बन डायऑक्साइड दरवर्षी 1 टक्क्याने वाढत असताना 50 वर्षं सूर्य मंद ठेवला, मग एकदम पूर्ववत केला. थोपवून धरलेलं तापमान पुढच्या काही वर्षांतच उसळलं आणि समुद्रावरचं बर्फ झपाट्याने घटलं. पाऊसही वाढला, तोही तितक्याच घाईने.