बडोद्याच्या माळ्यावरचं नायट्रेटचं रीळ

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रज सरकारने बंदी घातली, तरी ते नाटक आज वाचायला मिळतं. त्याच नाटकावरून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात केलेला ‘सैरंध्री’ (१९२०) हा मूकपट मात्र पाहायला मिळत नाही. कागदाने जे सोसलं, ते फितीला सोसवलं नाही.

त्या काळची ३५ मिमी फीत सेल्युलोज नायट्रेटची. कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात मुरवून हा पदार्थ करत. स्फोटक गनकॉटनचा हा सख्खा चुलतभाऊ. लवचीकपणासाठी त्यात कापूर घालत. हा कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो आणि फीत आखडते. नव्या फितीच्या कडेची १०० छिद्रं सुमारे ४७५ मिमीत बसतात. हेच माप ४७० वर आलं, की प्रोजेक्टरचे दाते छिद्रांत नीट शिरत नाहीत आणि फीत फाटते. जुनं रीळ ‘चालवून बघू तरी’ म्हणणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

आखडणं त्यातल्या त्यात परवडलं. खरा घात नायट्रोजन डायऑक्साइड करतो. तो फितीतूनच सुटतो, हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल होतो, आणि ते आम्ल आणखी फीत कुजवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात वायूला बाहेर वाटच नसते, त्यामुळे जपून ठेवलेलं रीळ लवकर जातं! आधी चित्र पिवळट आणि फिकं होतं, मग थर चिकटतात, फोड येऊन उग्र वास सुटतो, पुढे सगळ्याचा गोळा होतो आणि शेवटी तपकिरी भुकटी.

कुजलेली फीत ४१ अंशांच्या आसपासही आपोआप पेटू शकते. मे महिन्यात बडोद्याचा पारा त्याच्या वर जातो. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या पत्र्याखालचा माळा तर त्याहून तापतो. जळायला लागणारा ऑक्सिजन फितीतच असल्याने ती पाण्याखालीही जळते, आणि धूर विषारी असतो.

म्हणून माळ्यावर गोल चपटा डबा सापडलाच, तर तो मोकळ्या हवेत, सावलीत उघडावा. देव्हारा आणि शेगडी दोन्हींपासून लांब. फितीच्या कडेला ‘सेफ्टी’ (म्हणजे सहज पेट न घेणारी फीत) छापलेलं नसेल तर नायट्रेटच धरून चालावं. (छापलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नये, प्रत काढताना मूळ फितीवरची अक्षरंही उतरतात.) थर चिकटले असतील तर उलगडू नये, प्लास्टिकमध्ये बांधू नये, कुरिअरने तर मुळीच पाठवू नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवावं. भुकटी दिसली तर हात न लावता अग्निशमन दलाला फोन करावा.