‘नमस्कार’ किती बाइटांचा? वेब सर्व्हरचे हेडर तपासताना

वेब सर्व्हर तपासायचा म्हटलं की बहुतेक टेस्टमध्ये एवढंच पाहिलं जातं: पत्ता टाकला, स्टेटस कोड २०० (म्हणजे सगळं ठीक) आला, पानावर हवा तो मजकूर सापडला, टेस्ट पास. पण त्या मजकुराच्या आधी सर्व्हर काही ओळी पाठवत असतो. त्या म्हणजे हेडर. ट्रकमधल्या मालासोबत बिल्टी जाते, तशाच या ओळी. माल काय, नग किती, कुठे उतरवायचा, सगळं त्यांत लिहिलेलं. माल ठीक पण बिल्टी चुकलेली असली, तर घोळ पुढच्या गोदामात होतो आणि माल भरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात ते एचटीटीपी. १९९१ च्या पहिल्यावहिल्या एचटीटीपीत हेडर नव्हतेच. सर्व्हर सरळ पान पाठवायचा आणि जोडणी तोडायचा. जोडणी तुटली की पान संपलं असं समजायचं. १९९६ मध्ये आरएफसी १९४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) आला आणि हेडर कागदावर आले. आज लागू असलेले नियम जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये आहेत. टेस्ट लिहिताना तो उघडा ठेवावा, कारण ब्राउझर हा चांगला परीक्षक नव्हे. तो सर्व्हरच्या चुका सांभाळून घेतो, आणि नेमक्या त्यामुळेच त्या वर्षानुवर्षं टिकतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण कंटेंट-लेंग्थचं. मजकूर किती लांबीचा आहे हे हा हेडर सांगतो, पण अक्षरांत नाही, बाइटांत. ‘नमस्कार’ घ्या. संगणकाच्या हिशेबात त्यात ७ चिन्हं आहेत: न, म, स, हलन्ताची खूण, क, काना, र. अक्षरं बाइटांत लिहायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एकूण २१ बाइट. आता प्रोग्रामरने बाइटांऐवजी चिन्हं मोजली आणि हेडरमध्ये ७ लिहिलं, तर वाचणारा ७ बाइट घेऊन थांबतो. त्याच्या हाती न येतो, म येतो आणि स चा पहिला तुकडा येतो. पडद्यावर दिसतं ‘नम’ आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. उरलेले १४ बाइट कुठे जात नाहीत. एचटीटीपी १.१ मध्ये तीच जोडणी पुढच्या उत्तरासाठी वापरली जाते, त्यामुळे स्टेटसची ओळ जिथे यायची तिथे हे १४ बाइट येतात आणि पुढची, एरवी निर्दोष असलेली रिक्वेस्टही कोसळते. लॉगमध्ये दोष तिच्या नावावर लागतो.

इंग्रजी मजकुरावर ही चूक कधीच सापडत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. म्हणून चाचणीच्या मजकुरात देवनागरी असायलाच हवी. उलटी चूकही करून पाहा: हेडरमध्ये आकडा जास्त, मजकूर कमी. वाचणारा उरलेल्या बाइटांची वाट पाहत बसतो, आणि सर्व्हरने जोडणी तोडली की कर्ल ही रिक्वेस्ट पाठवून उत्तर दाखवणारी कमांड १८ हा एरर कोड देऊन बाहेर पडते. एक खबरदारी मात्र घ्या. उत्तर जीझिपने दाबलेलं, म्हणजे आकाराने लहान केलेलं असेल तर कंटेंट-लेंग्थ दाबलेल्या बाइटांची असते. टेस्टची लायब्ररी मजकूर आपोआप उलगडून हातात देते, आपण त्याची लांबी मोजतो आणि सर्व्हर बरोबर असूनही टेस्ट नापास होते.

हेडर पाहायची सोपी सवय म्हणजे कर्लला मोठ्या ‘आय’चा पर्याय देणं. पण त्याने पूर्ण पान मागणारी गेट नव्हे, फक्त हेडर मागणारी हेड रिक्वेस्ट जाते, आणि बऱ्याच ॲप्लिकेशनमध्ये हेडसाठीचा कोड वेगळ्याच वाटेने चालतो. ग्राहक गेट पाठवतो, तेव्हा तपासणीही गेटचीच करावी: मोठ्या ‘डी’च्या पर्यायाने हेडर पडद्यावर घ्यायचे आणि मजकूर टाकून द्यायचा.

तुलना करताना अक्षराला अक्षर जुळवू नका. हेडरच्या नावात लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतात. एचटीटीपी २ मध्ये तर नावं लहान अक्षरांतच जातात. कंटेंट-टाइपमध्ये अर्धविरामानंतर जागा सोडली काय न सोडली काय, अर्थ तोच. हेडरची व्हॅल्यू फोडून, अर्थ काढून मग ताडून पाहा. याउलट कॅश-कंट्रोलमधले (उत्तर तात्पुरतं साठवायचं की नाही हे सांगणाऱ्या हेडरमधले) ‘नो-कॅश’ आणि ‘नो-स्टोअर’ सारखे वाटतात, पण सारखे नाहीत. ‘नो-कॅश’ म्हणजे साठवा, पण वापरण्याआधी मला विचारा. ‘नो-स्टोअर’ म्हणजे साठवूच नका. बँकेच्या खातेउताऱ्याच्या पानावर दुसराच हवा. सेट-कुकी हा एकच हेडर अनेक ओळींत येऊ शकतो. लायब्ररीने त्या ओळी स्वल्पविरामाने जोडल्या, तर कुकीच्या मुदतीच्या तारखेतल्या स्वल्पविरामाशी त्यांची गल्लत होते. प्रत्येक कुकी सुटी काढूनच तपासावी.

तारखांचा घोळ भारतात हमखास होतो. हेडरमधली वेळ नेहमी जीएमटीत लिहायची असते. प्रोग्रामने मशीनची स्थानिक वेळ घेऊन तिच्यामागे नुसतं जीएमटी चिकटवलं, तर नुकतीच बदललेली फाइल साडेपाच तास भविष्यातली ठरते. तपासणी सोपी आहे: लास्ट-मॉडिफाइड ही फाइल बदलल्याची वेळ डेट या उत्तर पाठवल्याच्या वेळेच्या पुढे असता कामा नये.

ईटॅग म्हणजे पानाच्या त्या आवृत्तीची खूण. त्याची टेस्ट दोन पावलांची. पहिल्या गेटमध्ये आलेला ईटॅग टिपून घ्या, दुसऱ्या गेटमध्ये तोच इफ-नन-मॅच म्हणून पाठवा. उत्तर ३०४ (म्हणजे काही बदललेलं नाही) यायला हवं, मजकूर शून्य, आणि २०० मध्ये आलेले ईटॅग, कॅश-कंट्रोल, व्हेरी हे हेडर पुन्हा दिसायला हवेत. रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे दोन मशीन असतील तर ही टेस्ट दहा-वीस वेळा फिरवा. ईटॅग फाइलच्या आयनोड क्रमांकावरून (डिस्कवरच्या फाइलच्या नोंदीच्या क्रमांकावरून) बनत असेल, तर तीच फाइल दोन मशीनवर दोन ईटॅग दाखवते आणि ३०४ कधी येतो, कधी येत नाही. अपाचे या वेब सर्व्हरच्या २.२ आवृत्तीत मुळातच असं व्हायचं, २.४ मध्ये आयनोड वगळला.

माझ्या मते खरी परीक्षा एरर म्हणून येणाऱ्या उत्तरांची घ्यावी, आणि तीच सगळ्यात कमी घेतली जाते. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ॲड-हेडर या सूचनेने लावलेला हेडर २००, ३०१, ३०४ अशा ठरावीक कोडांवरच जातो. ४०४ (पान सापडलं नाही) आणि ५०० (सर्व्हर बिघडला) वर तो हवा असेल तर ओळीच्या शेवटी ‘ऑलवेज’ लिहावं लागतं. दुसरी खोच याहून फसवी. सुरक्षेचे चार हेडर सर्व्हरच्या पातळीवर लावले, आणि पुढे कुणी चित्रांच्या लोकेशनमध्ये (फक्त चित्रांच्या पत्त्यांना लागू असलेल्या कॉन्फिगच्या भागात) कॅश-कंट्रोलसाठी एक ॲड-हेडर वाढवला, की त्या लोकेशनपुरते वरचे चारही गायब. आतल्या पातळीवर एकही ॲड-हेडर असला तर बाहेरचे मुळात वारशाने येत नाहीत. कॉन्फिगची फाइल वाचून हे लक्षात येत नाही, सगळ्या ओळी जागच्या जागी दिसतात. म्हणून मुख्य पान, एक चित्र, एक एपीआय, नसलेला पत्ता आणि मुद्दाम पाडलेला ५०० या पाचांवर तीच यादी चालवा. ४०५ (ही रिक्वेस्ट इथे चालत नाही) सोबत अलाउ आणि ४०१ (आधी ओळख पटवा) सोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हवाच, ही नियमाची सक्ती आहे.

रीडायरेक्ट, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे पाठवणारं उत्तर, तपासताना लायब्ररीचं आपोआप पुढे जाणं बंद करा. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी गेटवर मुळातच पुढे जाते आणि शेवटच्या पानाचे हेडर देते. मधल्या ३०१ चा लोकेशन हेडर (पुढचा पत्ता) चुकून जुन्या टेस्ट सर्व्हरकडे बोट दाखवत असला, तरी ते नजरेतून सुटतं. मध्ये सीडीएन (पानांच्या प्रती साठवून ग्राहकाला देणारं सर्व्हरांचं जाळं) असेल तर एकदा त्याच्यामार्फत आणि एकदा थेट मूळ सर्व्हरवर तपासा. उत्तरात एज (साठवलेल्या उत्तराचं वय) हा हेडर दिसला तर ते कुठल्या तरी कॅशमधून आलंय, आणि तुम्ही आज सकाळी केलेली दुरुस्ती त्यात अजून नसेलही.