मावशीचं तेल आणि लुडोचा फासा

नाशिकला सीबीएस बस स्टँडजवळ एका रिक्षाच्या मागे तेलाची जाहिरात दिसली, "8 दिवसात गुडघेदुखी गायब, हजारो पेशंटचा अनुभव", आणि मला मावशीच आठवली. तिने मागच्या जानेवारीत असंच एक तेल मागवलं होतं आणि ती शपथेवर सांगते फरक पडला म्हणून. मावशी खोटं बोलत नाहीये, फरक पडलाच होता. पण तेलाने पडला का?

गुडघा रोज सारखा दुखत नाही, वरखाली होत राहतं. आणि माणूस तेल कधी मागवतो, तर दुखणं अगदी असह्य झाल्यावर, आपल्याकडे थंडी कडाक्याची पडली की. त्यानंतर रंगपंचमीला रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडेपर्यंत तसंही बऱ्याच जणांचं दुखणं उतरलेलं असतं.

आता लुडोचा फासा घ्या. 600 जणांना एकेकदा टाकू द्या, पडेल तो आकडा म्हणजे दुखणं. साधारण 100 जणांना 6 पडेल. फक्त त्या 100 जणांच्या हाताला तेल चोळा आणि परत फासा टाकायला लावा. 83 च्या आसपास लोकांचं "दुखणं" कमी होणार, सरासरी 6 वरून थेट 3.5 वर, आणि सतराएक जणांना तर 1 पडणार! जाहिरातीत दिसतात ते हे सतरा. परत 6 पडलेलेही साधारण तेवढेच असतात पण त्यांचा व्हिडिओ कोण काढणार?

याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, म्हणजे टोकाला गेलेला आकडा पुढच्या वेळी बहुधा सरासरीकडे सरकतो. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने 1886 मध्ये 205 जोडपी आणि त्यांच्या 928 मोठ्या झालेल्या मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं, फार उंच आईबापांची मुलं उंच असतात पण सरासरीने त्यांच्याइतकी नाही. अंगाऱ्याचा "गुण" येतो तो पण बऱ्याचदा असाच, कारण माणूस बुवाकडे जातो तोच आजार टोकाला गेल्यावर, आणि तेवढ्यात डॉक्टरकडे जायचं राहून जातं याचा मला खरंच त्रास होतो.

म्हणून औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात, एकाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं काहीतरी. आपोआप होणारी उतरण दोन्हीकडे सारखी येते, वरचा फरक उरला तर तो औषधाचा.

फसव्या जाहिरातींबद्दलच्या 2022 च्या सरकारी नियमांप्रमाणे जाहिरातीत शिफारस करणाऱ्याचं मत खरं असायला हवं, आणि फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे. पण मावशीचं मत तर खरंच आहे ना! म्हणून तिला सांगितलंय, या थंडीत तेल मागवायच्या आधी रोज कॅलेंडरवर दुखण्याला दहापैकी मार्क लिही. परवा बघितलं तर आठवड्याचे 4, 7, 8, 5, 3, 6, 4 लिहिले होते, आणि तेल अजून मागवलेलं नाहीये.