दुर्बिणीच्या लाईटने पिशवीला कॅन्सर होत नाही

चोपडा, यावल, शिरपूरकडे बायकांमध्ये कधीपासून एकच गोष्ट फिरतेय, की पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची दुर्बिणीने तपासणी केली की लाईटची किरणं लागतात आणि नसलेला कॅन्सर होतो. साफ चुकीचं आहे हे. तो साधा उजेड असतो, एक्सरे नाही, आणि ती दुर्बीण म्हणजे कोल्पोस्कोप आत जातच नाही, बाहेर साधारण फूटभर लांब असते, आत जातं ते फक्त स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून जागा उघडी धरणारं साधन, त्याने थोडं अवघडल्यासारखं होतं एवढंच.

मग डॉक्टर 3 ते 5 टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच, नि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते, हिरव्या फिल्टरमधून बारीक रक्तवाहिन्या काळ्या उठून दिसतात. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही बरं का, सूज असली तरी दिसतं, म्हणून छोटा तुकडा काढून तपासतात.

खरं कारण एचपीव्ही व्हायरस, आणि त्यातून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा 10-20 वर्षं जातात. "माले काहीच तरास नही" म्हणत केळीच्या कामावर निघून जाणाऱ्या मावशीला हेच सांगायचंय, मावशी, त्या काळात त्रास नसतोच, आणि तेव्हाच सापडलं तर बऱ्याचदा पिशवी न काढता तेवढाच भाग गोठवून किंवा जाळून काम होतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने आरोग्यसेविकांकडून नुसतं व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची तपासणी करून घेतली, तर या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्के कमी झाले, 2013 मध्ये ते जाहीर झालं. तिशी ओलांडलेल्या बायांनो, पाळीचे दिवस सोडून कधीही तपासणीला जा.