मांडवातली वीज आणि तिचे नियम : पार्श्वभूमी

भाद्रपद जवळ आला की पुण्याच्या पेठांमध्ये मांडवाचे लोखंडी पाइप उभे राहतात, त्यांवर पत्रे चढतात आणि त्याच सांगाड्याला बांधून फोकसच्या व माळांच्या वायरी ओढल्या जातात. पायाखाली पावसाने भिजलेली जमीन, हाताशी उघडे लोखंड आणि भोवती गर्दी, हे तिन्ही घरात सहसा एकत्र येत नाहीत. म्हणून अशा तात्पुरत्या मांडणीला घरगुती वायरिंगपेक्षा वेगळे नियम लागतात, आणि ते नियम वाटतात तितके अलीकडचे नाहीत.

विजेचे पहिले नियम शॉकच्या नव्हे, आगीच्या धास्तीने झाले. १८८२ साली लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने काढलेल्या नियमावलीच्या नावातच आगीचा धोका टाळण्याचा उल्लेख होता, आणि १८९७ साली अमेरिकेत राष्ट्रीय विद्युत संहिता आली तेव्हा तिच्यामागे विमा कंपन्यांचा रेटा होता. भारतीय कायद्याने मात्र गर्दीकडे लवकर पाहिले. १९१० च्या भारतीय वीज कायद्याच्या कलम ३० ने रस्त्यावर, किंवा शंभर वा अधिक माणसे एरवी जमण्याचा संभव असलेल्या ठिकाणी, २५० वॅटपेक्षा जास्त वीज वापरण्यावर बंधन घातले. २५० वॅट म्हणजे साठ वॅटचे जेमतेम चार दिवे. आज मांडवातला एकच हॅलोजन ती मर्यादा ओलांडतो. पुण्यातला सार्वजनिक गणेशोत्सव तोवर दीडेक दशकाचा झाला होता.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांनी काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याची आणि अर्थिंगची अट घातली. पुढे दुरुस्तीने आलेल्या ६१-अ या नियमाने गळती होताच पुरवठा तोडणारे साधन बसवण्याची तरतूद केली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा टप्पा हाच आहे. मांडवाशेजारी खड्डा करून अर्थिंग दिले आणि त्याचा रोध १० ओहम भरला, असे धरू. वायरीचे आवरण पाइपला घासून फाटले आणि फेज लोखंडाला लागला, तर २३० व्होल्टला फार तर २३ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. ३२ अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपेक्षा जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, त्याने पडत नाही. दिवे चालू राहतात आणि पाइपही ‘जिवंत’ राहतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वर सांगितलेले गळती ओळखणारे साधन, मात्र तेवढ्या गळतीवर क्षणात सुटते. अर्थिंग केले म्हणजे काम झाले, ही मांडवातली सर्वांत जुनी समजूत आहे, आणि ती अपुरी आहे.

१९८५ साली भारतीय मानक संस्थेने राष्ट्रीय विद्युत संहिता काढली. तिच्या पाचव्या भागात उघड्यावरच्या तात्पुरत्या मांडणीला स्वतंत्र प्रकरण आहे. आंतरराष्ट्रीय मानकमालेतही असाच ‘विशेष जागां’चा भाग आहे, ज्यात जलतरण तलाव, रुग्णालये, प्रदर्शने, जत्रांमधले पाळणे आणि दुकाने यांच्यासाठी वेगवेगळ्या तरतुदी येतात, कारण प्रत्येक ठिकाणी ओल, गर्दी किंवा रुग्णाची अवस्था धोक्याचे स्वरूप बदलते. संहिता ही मुख्यतः मार्गदर्शक असल्याने बंधन येते ते कायद्यातून व त्याखालच्या विनियमांतून: २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५४ ने जुन्या २५० वॅटच्या मर्यादेला १०० व्होल्टची जोड दिली आणि विद्युत निरीक्षकाला, तसेच जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांना किमान सात दिवस आधी लेखी सूचना देण्याची अट ठेवली, तपशिलाचे विनियम केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०१० साली आणले आणि २०२३ साली ते नव्याने केले. अडचण अशी की मांडवाचा देखावा आदल्या रात्रीपर्यंत बदलत असतो, आणि तपासणीनंतर जोडलेल्या माळेची दखल कागदावर येत नाही.

जनरेटरने या सगळ्यात आणखी एक गुंता घातला. वीज गेल्यावर जनरेटर लावला आणि मधला चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडू देणारा) नसेल किंवा कोणी तो बाजूला ठेवून थेट जोड दिला असेल, तर वीज उलट दिशेने रोहित्रात (ट्रान्सफॉर्मरमध्ये) शिरते. ४१५ व्होल्टच्या बाजूने आत गेलेली वीज पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन बाहेर पडते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताला ती लागते.