वई भरायची, हेज कापायची: बडोद्यातल्या हिरव्या कुंपणांची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या मराठी घरात झाडाझुडपांच्या कुंपणाला तीन नावं चालतात. कोकणातल्या आजोळाची आठवण निघाली की 'वई', शेजारच्या गुजराती काकांशी बोलताना 'वाड', आणि सोसायटीच्या मिटिंगमध्ये 'हेज'. यंदा हेज कोण कापणार, यावर दर पावसाळ्यात अर्धा तास खर्ची पडतो आणि शेवटी मालीलाच बोलावलं जातं. पण ही तीन नावं म्हणजे नुसता भाषेचा फरक नाही. वई भरतात, हेज कापतात. वईत दरवर्षी काहीतरी घालावं लागतं, हेजमधून दर पंधरवड्याला काहीतरी काढावं लागतं. पहिलीतून दुसरीपर्यंत आपण कसे पोचलो, ती हकिकत मोठी मजेदार आहे, आणि तिचा एक धागा चक्क मिठाशी जाऊन भिडतो.

शेताचं कुंपण कसं असावं याचा नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सापडतो. उंची अशी की उंटाला पलीकडे डोकावता येऊ नये, आणि भोकं अशी बुजवावीत की कुत्र्याचं किंवा डुकराचं तोंड आत शिरू नये. फूट, इंच, वीत, हात काही नाही. माप थेट जनावराचं. मला हे फार आवडतं, कारण आजही हेजचं सगळं दुखणं या दोनच ठिकाणी असतं. वरून ती उंच होत जाते आणि खालून तिला भोकं पडतात. तिथे या कुंपणाला शब्द आहे 'वृति'. आवार या अर्थाचा दुसरा संस्कृत शब्द 'वाट'. त्यातूनच वाडा, वाडी आणि वाटिका आली. आपल्या शहरात तर वाडी नावाचा अख्खा भाग आहे. आता तिथे घराला घर लागलेलं आहे, कुंपणाला जागाच नाही, ही गोष्ट वेगळी.

गुजरातेतली जुनी वाड दोन तऱ्हांची. एक सुकी: बाभळीच्या आणि बोरीच्या काटेरी फांद्या तोडून बांधावर रचायच्या. दरवर्षी पेरणीच्या आधी तिची भोकं भरायची. वाळवी लागली, वारा आला, कुणी जळणाला ओढून नेली की पुन्हा भरायची. दुसरी जिवंत: शेर, थोर, करवंद, सागरगोटा, विलायती चिंच. ही शेवटची मेक्सिकोकडून आलेली, पण गुजरातीत 'गोरस आंबली' झाल्यावर तिला परकी म्हणायची कुणाची छाती नाही. यातल्या कशालाही कात्री लागत नव्हती. फारतर वाटेवर आलेली फांदी विळ्याने छाटायची. वाड जितकी माजेल तितकी चांगली, असाच हिशोब होता.

फड्या निवडुंगाला इथे 'हाथलो थोर' म्हणतात, कारण त्याचे पंजे हातासारखे. तोही अमेरिकेतूनच आलेला. त्यावर पोसल्या जाणाऱ्या किड्यांपासून किरमिजी रंग मिळतो म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १७९५ च्या सुमारास ब्राझीलहून किडे आणवले. निघाले भलत्याच जातीचे. रंग बेताचाच मिळाला, पण एका जातीचा निवडुंग त्यांनी ठिकठिकाणी खाऊन संपवला. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण आपल्याकडे आहेच. इथे कुंपणच खाल्लं गेलं.

आता मीठ. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठावरचा कर गोळा करायला उत्तरेत सिंधूपासून ओरिसाकडे महानदीपर्यंत जकातीची एक रेषा आखली. आग्रा, झाशी, होशंगाबाद, खांडवा, बऱ्हाणपूर अशी ती उतरत जाई. बडोदे आणि इंदूर तिच्या पश्चिमेला. या बाजूला मीठ स्वस्त, त्या बाजूला महाग. कच्छच्या रणातलं आणि राजपुतान्यातलं मीठ चोरून पलीकडे नेणाऱ्यांना अडवायला त्या रेषेवर कुंपण हवं होतं. आधी ते आपल्या वईसारखंच होतं, सुक्या काट्यांचं. शेकडो मैल काटे रचायचे म्हणजे एकेका मैलाला कित्येक टन माल. तो वाळवी खाई, वणव्यात जळे, वादळात उडे. पुन्हा भरा.

१८६७ मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम या जकात खात्याचा आयुक्त झाला. तोच ह्यूम, ज्याचं नाव पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत येतं. त्याच्या लक्षात आलं की रचण्यापेक्षा लावणं स्वस्त. मग चर खणले, नापीक जागी चांगली माती आणून टाकली, पाण्यासाठी विहिरी काढल्या आणि जिथे जे रुजेल ते लावलं: बोर, बाभूळ, करवंद, थोर, निवडुंग. चांगल्या टापूत हे कुंपण आठ ते बारा फूट उंच आणि काही ठिकाणी चौदा फूट जाड झालं. साधारण बारा हजार माणसं त्यावर राखणीला होती. खतपाणी घालून, मोजमाप ठेवून, दरवर्षी किती मैल 'उत्तम', किती 'अपुरं' याचा अहवाल देऊन वाढवलेलं कुंपण या देशात त्याआधी झालं असेल असं मला वाटत नाही. ज्या सरकारने मिठावर माणसाला नागवलं, त्याच सरकारने काट्याला खत घातलं, हेही सांगायला हवं. पुढे सांभर सरोवरासारखी मिठाची आगरंच इंग्रजांच्या ताब्यात आली, कर मुळाशीच वसूल होऊ लागला आणि १८७९ मध्ये ही रेषा जवळपास सगळी मोडीत निघाली. कुंपणात शेतं घुसली, कुठे रस्ते झाले. आज ते शोधूनही सापडणं कठीण.

त्याच १८७९ साली बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग उभी राहिली. जुनी माणसं अजून तिला कमाटी बागच म्हणतात. हा योगायोगच आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण तारीख लक्षात ठेवायला सोयीची. श्रेय सयाजीराव महाराजांना दिलं जातं आणि ते रास्तही आहे. मात्र तेव्हा महाराज जेमतेम सोळा वर्षांचे, राज्याचे पूर्ण अधिकार त्यांना १८८१ च्या अखेरीस मिळाले. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. या बागेत कुंपणाचं काम बदललं. उंटाला अडवायचं नव्हतं, मीठ तर नाहीच. वाटेची कड दाखवायची, हिरवळ आणि फुलांचे वाफे वेगळे ठेवायचे आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला एक सरळ रेघ द्यायची. रेघ हवी म्हटल्यावर कात्री आली.

विलायतेत हेजचं प्रेम शेतीतूनच आलेलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथली सामाईक कुरणं कायद्याने वाटली गेली आणि वाटेकऱ्यांनी हद्दीवर काटेरी झुडपं लावली. बंगल्याच्या बागेतली कातरलेली हेज हे त्यांचंच सुधारलेलं, मवाळ भावंड. ती पद्धत बडोद्यात आणणारी माणसं थेट लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानातली होती. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागांची आखणी विल्यम गोल्डरिंगने केली. त्यानंतर १८९३ मध्ये गुस्टाव्ह क्रुंबीगेल बडोदे संस्थानात नोकरीला आला. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला हा जर्मन माळी, होय, मी मुद्दाम माळीच म्हणतो, क्यूमध्ये काम करून आलेला. १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळूरच्या लालबागेमुळे त्याचं नाव झालं. बंगळूरकरांनी त्याच्या नावाचा रस्ता केला. त्याची आधीची पंधरा वर्षं आपल्याकडे गेली, हे आपल्या गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं.

अडचण झाडांची होती. विलायती हेजची झाडं आपल्या मे महिन्यात टिकत नाहीत. म्हणून इथलं काय कापून घेतं, ते पाहावं लागलं. मेंदी पहिली. काटक, कमी पाण्यावर जगणारी आणि जुन्या लाकडातूनही फुटणारी. दुसरी कोयनेल, म्हणजे कडू मेंदी. तिला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे रस्त्याकडेला ती बरी. तिसरा दुरांटा, अमेरिकेतला. त्याची पिवळ्या पानांची जात आता दुभाजकांवर इतकी झाली आहे की हिरवी हेज पाहिली की बरं वाटतं. त्याची पिवळी फळं विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर हे माहीत हवं.

कापल्याने झुडूप दाट का होतं, याचं उत्तर शेंड्यात आहे. शेंडा वाढता असतो तोवर त्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं द्रव्य खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात, एका फांदीच्या दोन-तीन होतात. हे विज्ञान न शिकता आमच्याकडे येणाऱ्या मालीकाकांच्या हाताला पक्कं ठाऊक आहे. ते दोन काठ्या रोवतात, सुतळी ताणतात, आणि दोन्ही हातांनी चालवायची लांब कात्री घेऊन कच्-कच् करत सरकतात. सुतळी वरच्या कडेला. बाजू मात्र डोळ्याच्या अंदाजाने, आणि ती सरळ उभी नाही, खालून थोडी रुंद. "ऊपर चौडी करी तो नीचे टकली हो जासे," त्यांची अर्धी हिंदी, अर्धी गुजराती. वरचा भाग रुंद झाला की खाली ऊन पोचत नाही, बुंध्याची पानं झडतात आणि मनूचं कुत्रं बरोबर तिथून आत शिरतं. काम संपलं की ते पाती रॉकेलच्या फडक्याने पुसतात. मेंदी कापलेली असेल त्या दिवशी त्यांच्या बोटांची टोकं केशरी झालेली असतात.

एका सोसायटीत, जिथे मी काही वर्षं राहिलो, कमिटीला एकदा विजेच्या यंत्राची हौस आली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी हेज एका दुपारी गुडघ्याइतकी छाटली. मेंदी बिचारी जुलैत फुटली. पण फाटकाशी मोरपंखीची रांग होती, ती कायमची तपकिरी झाली. मोरपंखी जुन्या उघड्या लाकडातून पुन्हा फुटत नाही, तिची फक्त हिरवी कड कातरायची असते. मोठी छाटणी पावसाच्या तोंडावर, आणि मग सप्टेंबरपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी हलकी, हे आपल्या हवेचं वेळापत्रक आहे. ते यंत्राला कोण सांगणार?

मग त्या रिकाम्या जागेत कोनोकार्पस लावला गेला. भराभर वाढणारा, बारमाही हिरवा, नर्सरीवाल्यांचा लाडका. गुजरातच्या शहरांत दुभाजक, बागा, बंगले, सगळीकडे तोच. पुढे मुळं पाण्याच्या नळांत आणि केबलींत शिरल्याच्या, परागांमुळे खोकला-सर्दी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हेही पहिल्यांदा घडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं आणि कुंपणाचं झुडूप म्हणून टणटणी, म्हणजे घाणेरी, आणली होती. तिने पुढे देशभरची जंगलं व्यापली. गुजरातीत म्हण आहे, 'वाडज चीभडां गळे', म्हणजे वाडच चिबडं गिळते. आपलं शेत, त्यांचं चिबूड, बाकी तेच.

गेल्या पावसाळ्यात फाटकाशी कोनोकार्पस काढून पुन्हा मेंदीच्या काड्या लावल्या. दोन ओळी, एकीच्या दोन रोपांमध्ये दुसरीचं रोप येईल अशा. वीतभर अंतर. दिवाळीपर्यंत त्या हातभर झाल्या तेव्हा मालीकाका आले आणि त्यांनी एकेक काडी अर्ध्यावर कापली. शेजारच्या जोशीकाकू गॅलरीतून ओरडल्याच: "अहो, आत्ता कुठे वाढत होत्या!" काकांनी वर पाहिलंही नाही. संक्रांतीला मी जाऊन पाहिलं. प्रत्येक काडीला जमिनीपासून चार बोटांवर तीन-तीन फुटवे आले होते.