कांड्या पूर्ण, तरी वायफाय रखडते कशाने?

फोनवर वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि व्हिडिओ मात्र पुढे सरकत नाही. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे वायफाय पुरवणाऱ्या यंत्राची, ट्रान्समिट पॉवर (प्रसारणाची शक्ती) वाढवा. दोन, गर्दी नसलेले एखादे मधले चॅनेल, म्हणजे लहरींचा क्रमांक दिलेला पट्टा, निवडा. हे दोन्ही सल्ले बहुतेक वेळा उलटे पडतात, कारण त्यांच्या मुळाशी एक चुकीची कल्पना आहे: वायफाय म्हणजे पाण्याचा नळ आणि सिग्नल म्हणजे दाब, दाब वाढला की धार वाढणार.

वायफाय नळासारखे नसून एका खोलीत जमलेल्या माणसांसारखे आहे. खोली एकच, हवा एकच आणि एका वेळी एकानेच बोलायचे. सगळ्यांत वाटून घ्यायची गोष्ट आहे ती वेळ. ॲक्सेस पॉइंटच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर जी अनोळखी नावे दिसतात, त्यांतली निम्म्याहून अधिक या वेळेच्या वाटपाची आहेत. ते वाटप कसे चालते हे कळले की कुठल्या आकड्याला हात लावायचा आणि कुठल्याला नाही, हे पाठ करावे लागत नाही.

जुन्या तारेच्या इथरनेटमध्ये दोन यंत्रे एकदम बोलू लागली तर दोघांनाही टक्कर लगेच कळत असे. रेडिओत तशी सोय नाही. ॲक्सेस पॉइंट २० डीबीएमने (डीबीएम हे सिग्नलची शक्ती डेसिबलमध्ये मोजण्याचे माप), म्हणजे १०० मिलिवॅटने प्रसारण करत असतो आणि फोनचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो तो उणे ७० डीबीएमच्या आसपास. फरक ९० डेसिबलचा, म्हणजे शंभर कोटी पट. स्वतःच्या एवढ्या मोठ्या आवाजात दुसऱ्याची कुजबुज ऐकू येणार कशी? म्हणून वायफायने वेगळा शिष्टाचार ठरवला: आधी ऐकायचे, मग बोलायचे आणि पोच मिळाली नाही तर टक्कर झाली असे धरून चालायचे.

हा शिष्टाचार मायक्रोसेकंदांत बांधलेला आहे आणि तो फार देखणा आहे. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन नेहमीचे बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, आहेत. त्यांतल्या ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर एखादा संदेश नीट पोचला की ऐकणारा १६ मायक्रोसेकंद थांबून पोच देतो. इतरांना मात्र मूळ नियमानुसार ३४ मायक्रोसेकंद शांतता पाहावी लागते: ते १६, अधिक ९-९ मायक्रोसेकंदांचे दोन खाचे. पोच देणाऱ्याचे थांबणे सगळ्यांत कमी, त्यामुळे त्याच्या मध्ये कुणी घुसू शकत नाही. शांतता भरल्यावरही कुणी लगेच तोंड उघडत नाही. प्रत्येक यंत्र ० ते १५ मधला एक आकडा मनाशी धरते आणि तेवढे खाचे उलटे मोजते. ज्याचा आकडा आधी शून्यावर येतो तो बोलतो. बाकीचे आपली मोजणी जिथल्या तिथे गोठवतात आणि पुढच्या शांततेत तिथूनच पुढे मोजतात. दोघांचा आकडा सारखा निघाला तर टक्कर होते, पोच येत नाही आणि मग ते ० ते ३१ मधून, पुढे ० ते ६३ मधून असे करत शेवटी ० ते १०२३ मधून आकडा काढतात. गर्दी जितकी जास्त, तितके थांबणे लांब. कुणीही पंच नाही, कुणाकडे यादी नाही, तरी पाळ्या लागतात. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटमध्ये यंत्रे न ऐकताच बोलत असत. त्या पद्धतीत चॅनेलचा जेमतेम १८ टक्के वेळ सत्कारणी लागू शकतो, हे गणिताने दाखवता येते. आधी ऐकण्याची सवय ही त्यावरची फार मोठी सुधारणा.

आता 'मधले चॅनेल' का वाईट, ते पाहू. २.४ गिगाहर्ट्झ बँडमध्ये चॅनेलचे केंद्रबिंदू ५-५ मेगाहर्ट्झवर आहेत: पहिले २४१२ वर, सहावे २४३७ वर, अकरावे २४६२ वर. पण एक प्रसारण २० मेगाहर्ट्झ रुंद असते. म्हणून एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स तीनच धरायची: १, ६ आणि ११. शेजारचे ॲक्सेस पॉइंट ६ वर आहेत म्हणून तुम्ही ४ घेतलेत, तर दोन्ही पट्टे निम्मे एकमेकांवर चढतात. शेजारी ६ वरच असता तर तुमच्या यंत्राला त्याचा संदेश ओळखता आला असता. ओळखता येणारा संदेश उणे ८२ डीबीएम इतका क्षीण असला तरी यंत्र अदबीने थांबते. अर्धवट चढलेला सिग्नल मात्र त्याला निव्वळ गोंगाट वाटतो आणि गोंगाटासाठी थांबण्याची मर्यादा आहे उणे ६२ डीबीएम. म्हणजे शंभर पट जोरदार झाल्याशिवाय यंत्र त्याला जुमानत नाही. परिणामी तुम्ही त्याच्या बोलण्यावर बोलता, तो तुमच्या बोलण्यावर बोलतो आणि दोघांचेही संदेश फाटतात. एकाच चॅनेलवर दोघे असतील तर निदान पाळ्या लागतात. म्हणून गर्दी असली तरी १, ६, ११ पैकीच एक घ्यावे, ज्यावर ऐकू येणारी यंत्रे सगळ्यांत कमी आणि क्षीण आहेत ते. 'ऑटो' ठेवले आणि ॲक्सेस पॉइंटने ३ किंवा ८ निवडले, तर हाताने बदलावे.

याच बँडमध्ये चॅनेल विड्थ, म्हणजे चॅनेलची रुंदी, २० मेगाहर्ट्झच ठेवावी. 'वेग दुप्पट' म्हणून ४० केली तर ८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला जवळजवळ अर्धा भाग एकट्याने व्यापला जातो आणि कुठल्याही कोपऱ्यात कुणी बोलू लागले की थांबणे तुमच्याच वाट्याला येते. ५ गिगाहर्ट्झवर जागा पुष्कळ, तिथे ८० चालते. मात्र रुंदी दुप्पट केली की आत येणारा गोंगाटही दुप्पट होतो, म्हणजे ३ डेसिबलने वाढतो. २० वरून ८० वर जाताना ६ डेसिबल हातचे जातात. जवळच्या लॅपटॉपला त्याचे काही वाटत नाही, भिंतीपलीकडच्या फोनला वाटते. एकाहून अधिक ॲक्सेस पॉइंट असतील तर ४० हा समंजस आकडा आहे.

वेळ खाणारी सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बीकन. 'मी इथे आहे, माझे नाव अमुक' अशी दवंडी प्रत्येक ॲक्सेस पॉइंट दर १०२.४ मिलिसेकंदांनी पिटतो. मेनूत हा आकडा १०० दिसतो, कारण त्याचे एकक १०२४ मायक्रोसेकंदांचे आहे. दवंडी सगळ्यांना, अगदी जुन्यात जुन्या यंत्रालाही, कळावी म्हणून ती सर्वांत संथ वेगाने जाते. २.४ गिगाहर्ट्झवर तो वेग बहुधा सेकंदाला १ मेगाबिट असतो, १९९७ च्या वायफायच्या पहिल्या मानकातला! साधारण २५० बाइटचा बीकन म्हणजे २००० बिट, त्याला २००० मायक्रोसेकंद, वर १९२ मायक्रोसेकंदांची प्रस्तावना. एकूण २.२ मिलिसेकंद, म्हणजे चॅनेलचा दोन टक्क्यांहून थोडा जास्त वेळ. घरच्यांसाठी एक, पाहुण्यांसाठी एक, कॅमेऱ्यांसाठी एक आणि दिव्यांसाठी एक अशी चार नावे एकाच ॲक्सेस पॉइंटवर ठेवली की साडेआठ टक्के गेले. शेजारची धरून एकाच चॅनेलवर दहा नावे ऐकू येत असतील तर एकही उपयोगी बिट जाण्याआधी पाचवा हिस्सा संपलेला असतो.

उपाय दोन. नावे कमी करा, दोनांवर भागत असेल तर तिसरे नको. आणि सर्वांत कमी वेग वाढवा. मेनूत हे 'बेसिक रेट', 'मिनिमम रेट' किंवा 'लेगसी रेट्स' अशा नावाखाली सापडते. काही ठिकाणी फक्त मोड निवडता येतो, तिथे 'बी' (११ मेगाबिटपर्यंतचे जुने वायफाय) नसलेला पर्याय घ्या. १, २, ५.५ आणि ११ हे वेग बंद करून ६ हा किमान ठेवला की तोच बीकन सुमारे ३६० मायक्रोसेकंदांत आटोपतो, म्हणजे एक षष्ठांश वेळेत. याची किंमतही माहीत हवी. फक्त 'बी' येणारे एखादे जुने यंत्र नेटवर्कवरून गायब होईल. आणि किमान वेग जितका वर न्याल, तितका दवंडीचा पल्ला आखडतो: मानकानुसार ६ मेगाबिटचा संदेश उणे ८२ डीबीएमपर्यंत उकलता आला पाहिजे, १२ चा उणे ७९ पर्यंत आणि २४ चा उणे ७४ पर्यंत. एकच ॲक्सेस पॉइंट असेल तर ६ ठेवा, जवळजवळ तीन-चार असतील तर १२.

बीकन इंटरव्हल ५० केल्याने वायफाय 'चपळ' होते असे सांगितले जाते. त्याने फक्त दवंडीचा खर्च दुप्पट होतो. १०० तसाच राहू द्या. नेटवर्कचे नाव लपवण्याचेही तेच. लपवले तरी बीकन जातोच, त्यात नावाची जागा तेवढी रिकामी असते. उलट फोन जिथे जाईल तिथे ते नाव पुकारत आपले नेटवर्क शोधतो. वेळ वाचत नाही आणि सुरक्षाही वाढत नाही.

संथ यंत्राचा भार सगळ्यांवर पडतो, हेही याच हिशेबातून निघते. १५०० बाइटचा एक संदेश ३०० मेगाबिटने ४० मायक्रोसेकंदांत जातो, ६ मेगाबिटने २००० मायक्रोसेकंदांत. लांबच्या खोलीतला एक फोन एका संदेशात पन्नास संदेशांची पाळी खातो. 'एअरटाइम फेअरनेस' हा पर्याय असेल तर तो चालू करावा. त्यात पाळ्या संदेशांच्या संख्येवर न वाटता वेळेवर वाटल्या जातात.

आता शक्ती. फोनवरच्या कांड्या फक्त ॲक्सेस पॉइंटचा आवाज मोजतात, फोनचा आवाज तिकडे पोचतो की नाही हे त्या सांगत नाहीत. पुष्कळ फोन १५ डीबीएमच्या, म्हणजे ३२ मिलिवॅटच्या आसपास बोलतात. ॲक्सेस पॉइंट २३ डीबीएमवर, म्हणजे २०० मिलिवॅटवर नेला तर फोनला तो ठणठणीत ऐकू येतो, पण फोनची पोच पोचत नाही. मग ॲक्सेस पॉइंट तोच संदेश पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, वेग उतरवतो आणि दर वेळी आकडा मोठ्या पल्ल्यातून काढतो. कांड्या पूर्ण आणि काम ठप्प, ते असे. शिवाय फोन त्या लांबच्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो, जवळचा दुसरा असूनही सोडत नाही. अनेक ॲक्सेस पॉइंट असतील तर ५ गिगाहर्ट्झवर १७ डीबीएमपासून सुरुवात करा आणि २.४ त्याहून ६ डेसिबल कमी, म्हणजे ११ वर ठेवा. कमी वारंवारतेचा सिग्नल मुळातच जास्त जोरात पोचतो. तो एवढा उतरवला की फोन आपणहून ५ कडे वळतात.

शक्तीचा विषय निघालाच आहे, तर 'रेडिएशन शोषणाऱ्या' स्टिकरांबद्दलही बोलले पाहिजे. २.४ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एक लाखाव्या भागाइतकी असते. रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे लाखो पट अधिक. या लहरींनी रेणू फुटत नाहीत, फार तर किंचित ऊब येते. ते चिकटपान खरोखर लहरी शोषत असते तर फोनला सिग्नलच मिळाला नसता. मिळतो आहे, याचा अर्थ ते काहीच शोषत नाही. भीती विकून पैसे उकळणारा हा धंदा आहे. प्रसारण कमी करायचेच असेल तर शक्तीचा आकडा ३ ने उतरवा, ते निम्म्यावर येते आणि पैसा लागत नाही.

उरलेली नावे भराभर. 'डब्ल्यूएमएम', म्हणजे संदेशांना प्राधान्य देणारी सोय, बंद करू नका. ते बोलण्याच्या कॉलला ० ते ३ मधून आकडा काढू देते, म्हणजे रांगेत पुढे घेते. शिवाय ते बंद असेल तर नवे वेग मिळत नाहीत आणि सगळे ५४ मेगाबिटवर येते. एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे संदेश कुलूपबंद करण्याच्या पद्धतींत, जुनी 'टीकेआयपी' निवडल्यावरही तीच गत, म्हणून 'एईएस' घ्या. 'आरटीएस' म्हणजे मोठा संदेश पाठवण्याआधी परवानगी मागणे, आणि 'आरटीएस थ्रेशोल्ड' म्हणजे किती बाइटच्या पुढे ती मागायची तो आकडा; तो २३४७ असला म्हणजे वापर बंद. एकमेकांना ऐकू न येणारी दोन यंत्रे सतत टकरत असतील तरच तो ५०० ते १००० मध्ये आणून पाहा. 'डीटीआयएम' म्हणजे सगळ्यांसाठी राखलेले संदेश किती बीकनांनी एकदा द्यायचे तो आकडा. तो १ असेल तर झोपलेल्या फोनला दर बीकनला कान उघडावे लागतात, ३ असेल तर दर ३०७ मिलिसेकंदांनी. बॅटरी वाचते, पण छपाईयंत्र किंवा टीव्ही सापडायला वेळ लागू लागला तर १ वर या. 'डब्ल्यूपीएस'चा, म्हणजे पासवर्ड न टाकता यंत्र जोडण्याच्या सोयीचा, पिन कायमचा बंद करा. आठ आकड्यांतला शेवटचा फक्त पडताळ्याचा असतो आणि उरलेले सात दोन तुकड्यांत तपासले जातात, म्हणून एक कोटीऐवजी १० हजार अधिक १ हजार, म्हणजे ११ हजार प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

हे सगळे बदल तारेने जोडलेल्या संगणकावरून करा, वायफायवरून केलेत तर सेव्ह करताच स्वतःच बाहेर फेकले जाता. आधी चालू सेटिंग्जची फाइल उतरवून ठेवा. देशाचे नाव खरे तेच निवडा, कारण कुठली चॅनेल्स आणि किती शक्ती हे त्यावरून ठरते. एका वेळी एकच आकडा बदला आणि तपासणी इंटरनेटच्या वेगाने करू नका, त्यात बाहेरच्या जोडणीचे दोषही मिसळतात. तारेवरच्या संगणकातून एक मोठी फाइल वायफायवरच्या यंत्रात उतरवा आणि त्याच वेळी ॲक्सेस पॉइंटला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवा. सरासरीपेक्षा अधूनमधून उसळणारे आकडे पाहा. टकरा आणि पुनःप्रसारणे तिथे दिसतात.

५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते ६४ किंवा १०० च्या पुढची, १४४ पर्यंतची चॅनेल्स घेतलीत, तर सेव्ह केल्यावर ते नेटवर्क काही काळ दिसणारच नाही. ती जागा रडारांचीही आहे. ॲक्सेस पॉइंटला बीकन पाठवण्याआधी निदान ६० सेकंद नुसते ऐकावे लागते आणि नंतर कधीही रडार ऐकू आले तर १० सेकंदांत चॅनेल सोडून अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. नेटवर्क दिसत नाही म्हणून घाईने यंत्र बंद करून पुन्हा चालू करू नका, साठ सेकंदांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.